खर्जाचा हिशेब

ध्वनिवर्धकात शिरणाऱ्या विजेचा फारच थोडा अंश ध्वनीच्या रूपाने बाहेर पडतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. घरगुती वापरातील चांगल्या ध्वनिवर्धकाची कार्यक्षमता शेकडा १ च्या आसपास असते; उरलेल्या ९९ भागांची उष्णता होते. तारेच्या जुन्या विद्युत्‌दिव्याला आपण उधळ्या म्हणून नावे ठेवली, परंतु ध्वनिवर्धक त्याच्याहूनही उधळा आहे. ज्याच्याकडून केवळ खोल खर्जाचीच अपेक्षा असते, त्या ‘सबवूफर’ची स्थिती तर याहूनही बिकट. रचनाकारांचे अज्ञान हे याचे कारण नव्हे. खोल खर्ज, उत्तम कार्यक्षमता आणि लहान पेटी या तीन गोष्टी एकाच वेळी हाती लागू नयेत, अशीच मुळी हवेची व पदार्थांची घडण आहे.

प्रथम खर्जाची अडचण पाहू. संगीतात एक सप्तक खाली उतरणे म्हणजे कंप्रता निम्मी करणे. कंप्रता निम्मी झाली असता तोच ध्वनिदाब निर्माण करण्यासाठी ध्वनिवर्धकाच्या पडद्याला चौपट अंतर मागेपुढे जावे लागते. उदाहरणार्थ, १२ इंची ध्वनिवर्धक उघड्यावर जमिनीवर ठेवून १ मीटर अंतरावर १०० डेसिबेल ध्वनी हवा असेल, तर ८० हर्ट्‌झला पडदा प्रत्येक बाजूस १ मिलिमीटरहून किंचित अधिक हलला तरी पुरते. ४० हर्ट्‌झला हेच अंतर सुमारे ५ मिलिमीटर होते आणि २० हर्ट्‌झला सुमारे १९! त्यात भर म्हणजे आपला कानही या प्रदेशात मंद असतो. १,००० हर्ट्‌झचा स्वर २-३ डेसिबेलांनाच ऐकू येऊ लागतो. २० हर्ट्‌झचा स्वर ऐकू येण्यासाठी मात्र ७८ डेसिबेलांच्या आसपास जावे लागते. अर्थात येथे कुजबुजीला स्थानच नाही. ऐकवायचे तर मोठ्यानेच ऐकवले पाहिजे.

इतके लांब हलता यावे म्हणून पडद्यामागील तारेचे वेटोळे चुंबकाच्या फटीहून पुष्कळ लांब ठेवतात. अशा वेटोळ्याचा थोडाच भाग कोणत्याही क्षणी फटीत असतो. बाकीची तार काही काम न करता केवळ तापत राहते.

आता पेटीकडे वळू. पडद्याच्या पुढील व मागील लाटा परस्परविरुद्ध असतात. त्या एकमेकींना भेटल्या तर खर्ज नाहीसा होतो. म्हणून मागील लाट पेटीत कोंडावी लागते. परंतु कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी वागते. पडदा हे वजन आणि हवा ही स्प्रिंग, अशी जोडी बनून तिची स्वतःची एक स्वाभाविक कंप्रता ठरते व तिच्याखाली ध्वनी झपाट्याने उतरू लागतो. पेटी जितकी लहान, तितकी ही स्प्रिंग अधिक ताठ. म्हणूनच १९५० पूर्वीच्या काळात ज्याला खर्ज हवा असे, त्याच्या घरात कपाटाएवढी पेटी येत असे.

या स्प्रिंगकडे शत्रू म्हणून न पाहता तिलाच कामाला लावावे, ही कल्पना अमेरिकेतील एडगर व्हिलचुर यांची. न्यूयॉर्क विद्यापीठात शिकवत असताना त्यांच्या ध्यानी आले, की कापडी व कागदी आधारांच्या ताणापेक्षा कोंडलेल्या हवेचा ताण कितीतरी अधिक नियमित असतो. म्हणून त्यांनी पडद्याचे आधार मुद्दाम सैल ठेवले आणि पडद्याला मूळ स्थानी आणण्याचे काम हवेवर सोपवले. त्यांचे विद्यार्थी हेन्‍री क्लॉस यांच्या साहाय्याने १९५४ मध्ये त्यांनी असा पहिला ध्वनिवर्धक बाजारात आणला. मांडणीवर मावणाऱ्या पेटीतून इतका शुद्ध व खोल खर्ज निघतो हे पाहून त्या वेळी मोठेच आश्चर्य वाटले. तथापि या आश्चर्याची किंमत होतीच. ताठ हवेबरोबर कंप्रता खाली ठेवायची, तर पडदा जड करावा लागतो. आणि जड पडदा हलवायला अधिक वीज लागते. या पेट्यांना त्या काळाच्या मानाने पुष्कळच शक्तिमान प्रवर्धक लागत.

त्याच मंडळींतील भौतिकीचे जाणकार जोसेफ अँटन हॉफमन यांनी हा सौदा नियमाच्या रूपात मांडला. (सुप्रसिद्ध पियानोवादक जोसेफ हॉफमन यांचे हे पुत्र, तेव्हा स्वरांशी नाते घरातलेच.) ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि त्यांच्यानंतर रिचर्ड स्मॉल यांनी १९७० नंतरच्या काही वर्षांत त्याला पक्के गणिती रूप दिले. नियम असा: कार्यक्षमता ही पेटीच्या घनफळाच्या आणि खालच्या मर्यादा-कंप्रतेच्या घनाच्या प्रमाणात असते.

हा घन कोठून आला? पेटी तीच ठेवून मर्यादा एक सप्तक खाली न्यायची, तर पडद्याचे वजन चौपट करावे लागते. वजन चौपट झाले की तेवढ्याच बलाने मिळणारा ध्वनी सोळावा हिस्सा उरतो. वर्तनाचा तोल राखण्यासाठी चुंबकही अधिक बळकट घ्यावा लागतो. त्यामुळे त्यातील दुपटीचा भाग परत मिळतो. शेवटी हाती राहतो तो अष्टमांश.

आकड्यांत सांगायचे, तर ५० लिटरच्या बंद पेटीची मर्यादा ४० हर्ट्‌झ असेल, तर तिची कार्यक्षमता फार तर शेकडा ०.६४. तीच मर्यादा २० हर्ट्‌झला नेली की ०.०८. वर सांगितलेल्या १०० डेसिबेलांसाठी पहिल्या पेटीला सुमारे १० वॉट पुरतात, दुसरीला ८० लागतात. हा वाढीव खर्च टाळायचा असेल, तर पेटी ५० ऐवजी ४०० लिटरची करा, असे गणित सांगते. घरातील किती माणसे त्याला राजी होतील, हा प्रश्न वेगळा!

यातून पळवाटा नाहीत काय? आहेत, परंतु त्या दूरवर नेत नाहीत. पेटीला मोजून-मापून नळी बसवली, म्हणजे मागील लाटेचाही उपयोग होतो. बेल प्रयोगशाळेतील अल्बर्ट थुरास यांना या युक्तीचे पेटंट १९३२ मध्ये मिळाले. तिने कार्यक्षमता जवळजवळ दुप्पट होऊ शकते, पण मर्यादेखाली ध्वनी दुप्पट वेगाने उतरतो आणि तेथे पडद्याला आवर घालणारी हवाही उरत नाही. दुसरा मार्ग कर्ण्याचा. कर्ण्याची कार्यक्षमता कित्येक पटींनी अधिक असते. मात्र उघड्यावर ३२ हर्ट्‌झपर्यंत पोहोचायचे, तर त्याच्या तोंडाचा व्यास ३ मीटरांहून अधिक हवा. पॉल क्लिप्श यांनी १९४० नंतरच्या दशकात कर्णा दुमडून खोलीच्या कोपऱ्यात बसवला व भिंतींनाच त्याचे तोंड बनवले. युक्ती सुंदर खरी, परंतु येथेही आकाराची किंमत टळली नाही. तिचा काही भाग खोलीने भरला, इतकेच.

आजचा रचनाकार बहुधा तिसरा मार्ग धरतो: कार्यक्षमतेवर पाणी सोडतो. प्रवर्धक आता हलके व स्वस्त झाले आहेत. लहानशा पेटीत शेकडो वॉट ओतता येतात. मला हा मार्ग घरासाठी वाजवी वाटतो, परंतु त्याचेही एक देणे आहे. तांब्याचा विद्युत्‌रोध प्रत्येक अंश सेल्सिअसला शेकडा सुमारे ०.४ ने वाढतो. वेटोळे १५० अंशांनी तापले, की रोध जवळजवळ ६० टक्के वाढतो आणि वीज ओतूनही ध्वनी तेवढा चढत नाही. म्हणून खरेदी करताना प्रवर्धकाच्या वॉटांच्या आकड्याने भुलू नये. पेटीचे घनफळ किती, ती किती खाली उतरते आणि त्या कंप्रतेवर किती डेसिबेल देते, हे एकत्र विचारावे.

सभागृहात व मैदानात हाच नियम उलट्या बाजूने उपयोगी पडतो. दोन पेट्या शेजारी-शेजारी ठेवल्या, तर घनफळ दुप्पट होते आणि कार्यक्षमताही दुप्पट होते. दोन प्रवर्धकांची दुप्पट वीज जमेस धरली, म्हणजे खर्ज चौपट. त्यामुळे अनुभवी माणसे सबवूफर एका जागी रचतात. तेच मंचाच्या दोन टोकांना विभागून ठेवले, तर हा जास्तीचा लाभ मिळत नाही; उलट काही श्रोत्यांच्या जागी दोन्ही लाटा एकमेकींना मारतात आणि तेथे खर्ज पोहोचतच नाही.