सुडी आणि हडंबा

कंबाइन हार्वेस्टर आलं, आता मळणी यंत्राचे दिवस भरले, असं कित्येक वर्षं ऐकू येतंय. ऑक्टोबरात लातूर, हिंगोली, वाशीमकडे गेलात तर तसं काही दिसत नाही. ट्रॅक्टर जागच्या जागी घुमतोय, त्याच्या मागच्या शाफ्टला जोडलेलं पत्र्याचं धूड थरथरतंय, एका तोंडातून गुळी उडतेय आणि खाली पोत्यात सोयाबीन पडतंय. गाव त्याला थ्रेशर म्हणतं, धूड मोठं असलं तर हडंबा. पत्र्याला ठिकठिकाणी वेल्डिंगची ठिगळं, एखाद्या नटाच्या जागी तार. तरी हंगामभर त्याला उसंत नसते.

आत फारशी गुंतागुंत नाही. आडवा ड्रम, त्यावर लोखंडी दात, ड्रमखाली अर्धगोल जाळी. पीक आत गेलं की दात आणि जाळी यांच्या फटीत रगडलं जातं, शेंग फुटते, दाणा जाळीतून खाली उतरतो. खाली चाळण्या हलत असतात आणि पंखा वारा घालत असतो. हलकं ते उडून जातं, जड ते पोत्यात पडतं. खळ्यावर वेगळं काय होतं? मधोमध तिवडा, त्याभोवती बैलांची पात, बैलांच्या तोंडाला मुसकी. मग तिवईवर उभं राहून उपणणी. मला विचाराल तर ड्रमपेक्षा पंखा मोठा. मळायला बैल होते, बडवायला काठ्या होत्या. पण वारा पडला की अख्खं घर खळ्यावर हात बांधून बसायचं. यंत्रानं वारा स्वतःबरोबर आणला.

स्कॉटलंडच्या अँड्र्यू मीकलनं १७८६ च्या सुमारास मळणीचा ड्रम बनवला. त्यानंतर अर्ध्या शतकाच्या आत, १८३० साली, केंट परगण्यातल्या मजुरांनी ही यंत्रं फोडायला सुरुवात केली आणि ते लोण दक्षिण इंग्लंडभर पसरलं. हिवाळाभर कोठारात धान्य झोडपणं हीच त्या मजुरांची मीठभाकर होती. आपल्या सोयाबीनच्या पट्ट्यात यंत्रानं असा कोणाचा जुना धंदा हिसकावला नाही. हे पीकच मुळी नवं. ते मोठ्या प्रमाणावर पसरलं गेल्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत, त्यामुळे ज्वारी-गव्हासारखी खळ्याची आठवण त्याच्यामागे नाही. मराठवाड्यात आणि विदर्भात सोयाबीन आणि थ्रेशर जोडीनंच वाढले.

हार्वेस्टर येऊनही थ्रेशर टिकला, याचं कारण लोक पटकन स्वस्ताई सांगतात. तेवढंच कारण नाही. हार्वेस्टरला कापणी आणि मळणी एकाच घटकेला हवी असते. पीक वाळलेलं हवं, जमीन घट्ट हवी, यंत्र गावात हवं, आणि हे तिन्ही योग एकाच दिवशी जुळायला हवेत. पंजाबातून आलेलं हार्वेस्टर गावोगाव फिरत असतं. ते तुमच्या शेताच्या सवडीनं येत नाही. इकडे सोयाबीन तर शंभर-एक दिवसांत पिकतं आणि पिकल्यावर थांबत नाही. आठवडाभर उशीर झाला की उन्हात शेंगा तडकतात आणि दाणा मातीत सांडतो.

थ्रेशरवाला शेतकरी या कामाचे दोन तुकडे करतो. आधी सोंगणी. माणसं-बाया विळ्यानं पीक कापतात, दोन-तीन दिवस उन्हात वाळवतात आणि बांधाच्या कडेला उंचवट्यावर त्याची सुडी रचतात. सुडीवर ताडपत्री आली की रान मोकळं झालं. जमिनीत ओल आहे तोवर त्यात हरभरा पेरून घेता येतो. मळणी मागाहून, यंत्राची पाळी येईल तेव्हा. रब्बीची पेरणी साधण्यासाठी ही मधली सवड फार मोलाची असते. सुडी जपावीही लागते. खालून ओल लागली तर आत बुरशी धरते, आणि वैरातून सुडी पेटवून दिल्याच्या बातम्या दर हंगामात वर्तमानपत्रात येतात. ज्याच्या वर्षभराच्या मेहनतीचा असा उघड्यावर ढीग पडलाय, त्याला रात्री झोप लागत नसेल तर नवल नाही.

ज्वारीत तर थ्रेशरला पर्यायच नाही, असं म्हणायला हरकत नाही. सोलापूरकडची रब्बी ज्वारी मुळासकट उपटतात, कणसं वेगळी करतात आणि तेवढीच यंत्रात घालतात. कडबा पेंढी बांधून अखंड राहतो. हार्वेस्टरनं कापलेल्या ज्वारीची ताटं मोडून चुरगळतात, त्यांचा असा कडबा होत नाही. ज्यानं दावणीला जनावरं बांधलीत, त्याच्या हिशेबात कडबा दाण्याच्या खालोखाल नसतो, दाण्याच्या बरोबरीनं असतो; कोरड्या सालात कणभर वरही. सोयाबीनची, तुरीची, हरभऱ्याची गुळीही अशीच एका जागी गोळा होते. विदर्भात तिला कुटार म्हणतात. हार्वेस्टर ती शेतभर उधळून पुढं जातं.

करडईचं मात्र उलटं आहे. तिच्या काट्यांनी हात रक्ताळतात म्हणून मजूर काढणीला नाही म्हणतात, आणि तेल इतकं चांगलं असूनही मराठवाड्यातून करडई मागं हटली त्यात या काट्यांचा वाटा मोठा. पिकलेली करडई सहसा तडकत नाही, उभ्यानं वाळते. तिथं हार्वेस्टर सरळ शेतात घालणं शहाणपणाचं. जुनं यंत्र आवडतं म्हणून माणसांना काट्यांत लोटायचं कारण नाही.

थ्रेशरची काळी बाजू हातांची आहे. पीक आत सारणाऱ्याचा हात पेंढीबरोबर खेचला जातो, पदर नाहीतर गमछा पट्ट्यात अडकतो. बहुतेक वेळा रात्र असते, कामाचा अठरावा तास असतो, धुळीनं डोळे चुरचुरत असतात. १९८३ चा धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा केंद्रीय कायदा मळणी यंत्रं डोळ्यांपुढं ठेवूनच आला. भारतीय मानकाप्रमाणे पीक सारायची पन्हळ किमान ९० सेंटिमीटर लांब हवी आणि तिचा ड्रमकडचा निदान ४५ सेंटिमीटर भाग वरून झाकलेला हवा. म्हणजे हात पूर्ण लांबवला तरी दातांपर्यंत पोचत नाही. उपाय एवढा साधा. पण लांब पन्हळीतून पीक हळू सरकतं आणि भाडं पोत्यावर ठरलेलं असतं. म्हणून झाकण काढून ठेवतात, पन्हळ कापून आखूड करतात. याला मी अडाणीपणा म्हणणार नाही. तासाला चार पोती जास्त निघावीत म्हणून समजून-उमजून केलेला तो सौदा आहे. त्यात बोटं मजुराची जातात आणि वाढलेलं भाडं मशीनवाल्याच्या खिशात पडतं.

दुसरा सौदा बियाण्याचा, आणि तो लवकर लक्षातही येत नाही. सोयाबीनचं साल पातळ आणि अंकुर अगदी सालाच्या कडेला. ड्रम जोरात फिरला की दाणा वरून सुबक दिसतो, पण आत अंकुराला इजा झालेली असते. बाजारात तो दाणा खपतो, कारण तेल काढायला अंकुर लागत नाही. पेरला तर उगवत नाही. बियाण्यासाठी ओलावा १३-१४ टक्के असावा आणि ड्रमचे फेरे मिनिटाला ३०० ते ४०० च्या आत राहावेत, असं कृषी विद्यापीठं सांगत आलीत. ट्रॅक्टरचा शाफ्ट ५४० फेऱ्यांनी फिरतो. पुढचा हिशेब सगळा पुलीचा. ड्रमवरची पुली मोठी केली की ड्रम सावकाश फिरतो. गव्हाला भुसा बारीक हवा म्हणून वेग बराच जास्त लागतो, आणि एकच यंत्र गहूही मळतं, सोयाबीनही. पुली बदलायला अर्धा तास मोडतो, रांगेत पुढचा शेतकरी उभा असतो. बियाण्याची मळणी हळू चालणार, तर तिचं भाडं आधीच वेगळं बोलून घ्यावं. नाहीतर मशीनवाला हो म्हणतो आणि पाठ फिरली की ट्रॅक्टरचा वेग वाढवतो.

२०२० च्या जूनमध्ये राज्यभरातून सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी आल्या, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढं गेलं. आधीच्या हंगामात काढणीच्या ऐन दिवसांत पावसानं पीक भिजवलेलं होतं. त्यानंतर घरचं बियाणं राखा आणि पेरणीआधी उगवण तपासा, हा सल्ला गावोगाव नव्यानं फिरला. ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळायचे आणि सत्तर उगवले तर बियाणं पेरणीजोगं धरायचं. ज्यांना घरचं बियाणं राखायचंय ते यंत्र शेतात आलं की आधी मोकळंच फिरवून घेतात. चाळण्यांच्या कडांना आणि ड्रमच्या तळाला मागच्या शेतातलं वाण अडकलेलं असतं, आणि फुले संगममध्ये जेएस ३३५ मिसळलं तर पोत्यात निवडून काढणं अशक्य. म्हणून पहिलं पोतं बाजूला ठेवून मोंढ्यावर पाठवतात आणि बियाणं दुसऱ्या पोत्यापासून धरतात.