उन्नैपोल ओरुवन (2009)

कमल हासन आणि मोहनलाल यांचा ‘उन्नैपोल ओरुवन’ हा तमिळ थरारपट सप्टेंबर 2009 मध्ये प्रदर्शित झाला. चक्री टोलेटी दिग्दर्शित हा चित्रपट नीरज पांडे यांच्या ‘अ वेन्सडे’चा रिमेक. मूळ कथेला 11 जुलै 2006 च्या मुंबई लोकलमधील स्फोटांची पार्श्वभूमी होती. तमिळमध्ये ती चेन्नईत घडते.

बांधकाम सुरू असलेल्या इमारतीच्या गच्चीवर एक अनामिक माणूस फोन, लॅपटॉप मांडून बसतो. शहरात बॉम्ब ठेवलेत, चार कैदी सोडा, असं तो पोलीस आयुक्त मारार यांना बजावतो. त्याला ते चौघे सुटायला नको असतात, मरायला हवे असतात, हे उलगडतं तिथे चित्रपट खरी पकड घेतो. चौघांपैकी करमचंद लाला हा शस्त्रांचा दलाल. पैशासाठी दहशतवाद पोसणाऱ्यालाही दहशतवाद्यांच्याच रांगेत उभं करणं, हा या रूपांतराचा सर्वांत मोलाचा बदल.

दोन्ही कसलेले नट बहुतेक वेळ फक्त फोनवर भिडतात, तरी ताण ढळत नाही. मोहनलाल यांचा संयम तर पुन्हा पुन्हा पाहावा असा. संगीत श्रुती हासन यांचं. संगीतकार म्हणून हा त्यांचा पहिला चित्रपट. सोबतच बनलेल्या ‘ईनाडु’ या तेलुगू आवृत्तीत आयुक्त वेंकटेश यांनी साकारला.