फुटलेल्या प्लेटचे काय करावे?

आमचे शेत अकोला जिल्ह्यातील खारपाणपट्ट्याच्या काठावर आहे. विहिरीला गोडे पाणी लागले, हेच आमचे भाग्य. रात्रीच्या विजेची वाट पाहत जागणारे माझे बाबा सौरपंप आल्यापासून दिवसा ओलित करतात. तेव्हा हा लेख सौरऊर्जेविरुद्ध नाही, हे आरंभीच सांगतो.

गेल्या उन्हाळ्यात गारपिटीने दोन प्लेटा तडकल्या. विमा होता, माणसे आली, नव्या प्लेटा बसवून गेली. जुन्या गोठ्याच्या भिंतीशी पडून राहिल्या. बाबा म्हणाले, "भंगारवाल्याले देऊन टाक." भंगारवाल्याने ॲल्युमिनियमची चौकट काढली, तांब्याची वायर कापली आणि काच तिथेच सोडली.

असे का व्हावे? प्लेटच्या वजनात सुमारे तीन चतुर्थांश काचच असते. तिच्याखाली सिलिकॉनच्या पातळ चकत्या, चांदीच्या बारीक रेषा आणि डाख देताना वापरलेले थोडे शिसे असते. पंचवीस वर्षे पावसाचा थेंब आत शिरू नये म्हणून हे सारे पारदर्शक प्लास्टिकच्या थरात घट्ट चिकटवलेले असते. जो गुण प्लेट टिकवतो, तोच ती मोडताना आडवा येतो. काच व चांदी वेगळी करायला यंत्रे लागतात. भंगारवाल्याजवळ पाना आणि हातोडी. मग काच नाल्यात जाते, आणि तिच्यासोबतचे शिसे हळूहळू मातीत उतरू शकते.

कायदा नाही असे नाही. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत सौर प्लेटांचा समावेश आहे. उत्पादकाने हा कचरा २०३४-३५ पर्यंत साठवून ठेवावा, असे त्यात म्हटले आहे. परंतु आमच्या गोठ्यापासून उत्पादकाच्या गोदामापर्यंत तो न्यावा कोणी, आणि गाडीभाडे द्यावे कोणी? आज तरी साठवण गोठ्यातच चालू आहे.

हा प्रश्न दोन प्लेटांचा नाही. २०१९ ची कुसुम योजना आणि २०२४ ची 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना यांतून अकोला-अमरावतीच्या शिवारांत बसलेल्या प्लेटा २०४५ ते २०५० च्या सुमारास जवळजवळ एकदमच म्हाताऱ्या होतील. तेव्हा मी चाळिशीत असेन, आणि विहीर तीच असेल.

उपाय फार अवघड नाही. नवी प्लेट बसवणाऱ्याने जुनी पावती देऊन परत न्यावी; प्रत्येक तालुक्याच्या बाजार समितीत ती जमा करण्याची एक जागा असावी. हा विषय विज्ञान शाखेचा आहे, असे काही मित्र म्हणतील. पण अर्ज लिहायला आणि ग्रामसभेत बोलायला कला शाखेचा विद्यार्थी पुरेसा आहे.

तूर्त मी त्या दोन्ही काचा विहिरीपासून दूर नेऊन ताडपत्रीखाली झाकून ठेवल्या आहेत. अर्ज लिहून झाला आहे. तो कोणाच्या नावे द्यायचा, तेवढे विचारतो आहे.