हवेवर चालणारा हात : मऊ रोबोसाठी स्वस्तातलं नियंत्रण

आजच्या विषयाची सुरुवात आपण दवाखान्यातून करू. दंडाला पट्टा बांधून बीपी मोजून घेतलं नाही असा माणूस आता खेड्यातही विरळा. पट्टा फुगतो, दंड आवळला जातो, मग हवा सुटते आणि आकडा दिसतो. बटणावर चालणारं ते डिजिटल यंत्र उघडून पाहिलंत तर आत मुख्य चार गोष्टी सापडतील. हवेचा छोटा पंप, हवा सोडणारा विजेवरचा व्हॉल्व, दाब मोजणारा सेन्सर आणि या सगळ्यांना हुकूम देणारी चिप. बाहेर एक नळी आणि नळीच्या टोकाला मऊ पिशवी. आज जगात ज्याला सॉफ्ट रोबोटिक्स म्हणतात, त्यातल्या हवेवर चालणाऱ्या यंत्रांचं नियंत्रण याच चार गोष्टींवर उभं असतं.

मागच्या व्याख्यानानंतर वसमतच्या एका तरुण श्रोत्याने विचारलं होतं, "सर, वडिलांना लकवा झाल्यापासून उजव्या हाताची मूठ उघडत नाही. हवेवर बोटं हलवणारे हातमोजे मिळतात म्हणे, पण ते आपल्याला परवडणारे नाहीत. घरी करता येईल का?" त्या दिवशी आम्ही अर्धवटच उत्तर दिलं. आज पूर्ण देण्याचा प्रयत्न करू.

तसा हा प्रश्न नवा नाही. अमेरिकेतल्या जोसेफ मॅककिबेन या भौतिकशास्त्रज्ञाच्या मुलीला 1950 च्या दशकात पोलिओ झाला आणि तिचे हात लुळे पडले. तिच्यासाठी त्यांनी हवेवर चालणारा स्नायू वापरात आणला. रबरी नळी, आणि तिच्यावर तिरक्या विणीची जाळी. आत हवा भरली की नळी जाड होते, आणि जाड होताना जाळी तिला आखूड करते. आखूड होते म्हणजे ओढते. पुढे 2011 च्या सुमारास हार्वर्डमध्ये जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने सिलिकॉनच्या आत हवेचे कप्पे ठेवून वाकणारी बोटं केली. 2014 मध्ये हार्वर्ड आणि डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या मंडळींनी अशा यंत्रांचे आराखडे, नियंत्रणाच्या सर्किटसह, सगळ्यांसाठी खुले केले. तेव्हा विद्या दडवलेली नाही. अडचण आहे ती किमतीची, आणि त्याहून जास्त, कशावर पैसे घालायचे हे न कळण्याची.

आधी दाबाचा अंदाज घेऊ. पंक्चरवाला मोटारसायकलच्या चाकात तीसच्या आसपास हवा भरतो. तो आकडा पीएसआयचा, म्हणजे साधारण 200 किलोपास्कल. बीपीचा पट्टा फार तर 300 मिलिमीटर पाऱ्यापर्यंत जातो, म्हणजे 40 किलोपास्कल. चाकाच्या पाचव्या हिश्श्याएवढा. मऊ बोटाला बहुतेक वेळा एवढाच दाब पुरतो. इथेच पहिला पैसा वाचतो. कारखान्यातले दाब नियंत्रक याच्या कितीतरी पट दाबासाठी बनवलेले असतात, आणि त्यांतल्या अचूक प्रकारांची किंमत काही दहा हजारांत जाते. आपलं काम खेळण्यातल्या किंवा बीपीच्या यंत्रातल्या पंपावर भागतं. पंप, दोन व्हॉल्व, सेन्सर आणि आर्डुइनोसारखा बोर्ड, एका बोटापुरतं हे सगळं दीड-दोन हजारांत बसतं.

आपल्या जिल्ह्यात आता मोठमोठे आकडे कानावर येतात. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभं राहतंय. 2023 मध्ये केंद्र सरकारने त्यासाठी 2600 कोटी रुपयांची मंजुरी दिली. तिथे चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्यांमधून हवा काढून टाकायची, इतकी की आत उरलेला दाब वातावरणाच्या एक लाख कोटीव्या भागाएवढा असेल. ते पाहिलं की आपल्या पोरांना वाटतं, विज्ञान म्हणजे हेच, आपलं काय? पण नळीतल्या हवेवर ताबा ठेवायचा, तो मोजायचा, आणि मोजण्यावर किती विश्वास ठेवायचा हे ठरवायचं, हे प्रश्न तिथेही तेच आहेत. पुण्यात अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंचे पंप मुलांच्या हातात दिले, पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. कलबाग यांनी 1983 पासून खेड्यातल्या मुलांना हातांनी काम करत शिकवलं. ही वाट आपल्याकडे मळलेली आहे.

आता बोट कसं करायचं? सिलिकॉन आणि साचे बाजूला ठेवू. लांब फुगा किंवा सायकलच्या ट्यूबचा तुकडा घ्या, दोन्ही टोकं बंद करून त्यात नळी बसवा. त्याला कापडाचा अभ्रा शिवा. वरच्या बाजूला चुण्या, खालची बाजू सपाट. हवा भरली की चुण्या उलगडतात, वरची बाजू लांबते, खालची लांबू शकत नाही, म्हणून बोट खालच्या बाजूला वाकतं. मूठ उघडायची असेल तर हीच पिशवी बोटाच्या पाठीवर बसवायची, आणि चुण्या बोटाकडच्या बाजूला ठेवायच्या. मग ती उलटी वाकते. कुठे वाकायचं आणि किती, याचा बराचसा निर्णय शिलाईतच होऊन जातो. जे काम कापड करतं ते कॉम्प्युटरला करावं लागत नाही. हा वाचलेला दुसरा पैसा. नामदेवांच्या नर्सीचा हा जिल्हा, शिंप्याच्या कामाला इथे तरी कुणी कमी लेखू नये.

नियंत्रणाकडे येऊ. हवेच्या पिशवीच्या अवस्था तीनच : भरणं, धरून ठेवणं, सोडणं. त्यासाठी दोन व्हॉल्व लागतात, एक हवा आत घेणारा आणि एक बाहेर सोडणारा. पंप धक्क्याधक्क्याने हवा देतो, म्हणून मध्ये शीतपेयाची रिकामी प्लॅस्टिकची बाटली टाकी म्हणून ठेवावी. मुळात ती आपल्यापेक्षा जास्त दाबासाठीच केलेली असते. काचेची बाटली मात्र चुकूनही नको. बोर्ड सेन्सर वाचतो, दाब ठरवलेल्यापेक्षा कमी असेल तर भरतो, जास्त असेल तर सोडतो. इथे नवशिके एक चूक करतात. 30 म्हणजे नेमका 30 असा हट्ट धरतात. मग दाब 29.9 झाला की भर, 30.1 झाला की सोड, असं व्हॉल्वचं टकटक सुरू होतं आणि तो तापून जातो. 28 ते 32 अशी मोकळीक ठेवा, आणि तिच्या आत नुसतं धरून ठेवा.

बोर्डाच्या पिनेतून येणारा करंट व्हॉल्वची कॉइल ओढायला अपुरा असतो, म्हणून मध्ये मॉस्फेट लागतो. कॉइल बंद होताना उलटा झटका देते, तो जिरवायला डायोड लागतो. हे दोन्ही काही रुपयांचे भाग आहेत. ते वाचवू नका. तिथली काटकसर बोर्ड जाळते.

मोजण्याचं काय? स्वस्त सेन्सर आकडा देतो, पण तो आकडा खरा कशावरून? गवंड्याची लेव्हलची पारदर्शक नळी आणा, इंग्रजी यू अक्षरासारखी टांगा, तिच्यात पाणी भरा आणि एका टोकाला आपली हवा जोडा. दोन्ही बाजूंच्या पाण्यात एक मीटर उंचीचा फरक पडला तर दाब 9.8 किलोपास्कल, दोन मीटर पडला तर 19.6. पाणी खोटं बोलत नाही. दोन-तीन उंचींवर सेन्सरचा आकडा लिहून घ्या, हिशेब जुळवा. आणखी एक, हवा वाहत असताना दाब वाचू नका. बारीक नळीतून हवा जाताना पंपाकडच्या बाजूला दाब जास्त दिसतो, पिशवीत तो कमी असतो. क्षणभर थांबवा, मग वाचा.

तरीही एक गोष्ट राहतेच. सेन्सर दाब सांगतो. बोट वाकलं की नाही, ते सांगत नाही. आपण आकड्यावरून अनुमान करतो. आम्ही आयुष्यभर न्यायदर्शनातलं डोंगरावरच्या धुराचं उदाहरण शिकवलं. धूर दिसला, म्हणून अग्नी आहे. ते अनुमान कुठे फसू शकतं याची नैयायिकांनी बारकाईने चिकित्सा केली. इथेही तेच करायला हवं. नळी मुडपली तरी दाब चढतो, बोट मात्र जागचं हलत नाही. मग दुसरा साक्षीदार कोण? वेळ. आणि तो फुकट आहे, बोर्डात घड्याळ असतंच. समजा चांगली पिशवी भरायला दोन सेकंद लागतात. अर्ध्या सेकंदातच दाब चढला तर नळी कुठेतरी दाबली गेली आहे. पाच सेकंद होऊनही चढला नाही तर कुठेतरी गळतं आहे. दोन्ही वेळा पंप बंद, हवा सोड, दिवा लाव. प्रोग्रामच्या चार ओळी जास्त, पण महागडा दुसरा सेन्सर वाचतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. लाइट गेली तर?

आपल्याकडे हा प्रश्न पुस्तकातला नाही. व्हॉल्व दोन जातींचे मिळतात. एक वीज नसताना बंद राहतो, दुसरा वीज नसताना उघडा राहतो. दिसायला सारखे, किंमतही जवळपास सारखी. समजा हातमोजा पूर्ण फुगलेला आहे, बोटं ताणलेली आहेत, आणि त्याच क्षणी लाइट गेली. हवा सोडणारा व्हॉल्व पहिल्या जातीचा असेल तर हवा आत कोंडून राहील. ज्याला तो हात स्वतः हलवता येत नाही, कदाचित ओरडताही येत नाही, त्याचा हात तसाच ताणलेला. दुसऱ्या जातीचा असेल तर वीज जाताच हवा निघून जाते. बीपीच्या यंत्रात म्हणूनच वीज नसताना उघडा राहणारा व्हॉल्व घालतात. दंड आवळलेला राहू नये.

याची किंमत मोजावी लागते. धरून ठेवायचं तेवढा वेळ त्या व्हॉल्वला वीज पुरवावी लागते, कॉइल गरम होते. मोजावी. पण हा नियम सगळीकडे लावू नका. हवेच्या पिशवीवर ओझं उचललेलं असेल आणि खाली माणूस असेल, तर लाइट गेल्यावर हवा सोडणं हाच अपघात. तिथे धरून ठेवणारा व्हॉल्व हवा. कोणती अवस्था सुरक्षित, हे व्हॉल्व सांगत नाही. ते पिशवीच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे यावरून ठरतं, आणि ते ठरवणं आपलं काम.

तेव्हा वसमतच्या त्या मुलाला उत्तर असं. करता येईल, पण वडिलांच्या हातापासून सुरुवात करू नकोस. जुन्या हातमोज्यात कापूस भर, त्याला बोटं शीव. शंभर वेळा उघड-मीट कर. नळी मुद्दाम मुडपून बघ. पूर्ण दाब असताना प्लग उपटून बघ आणि हवा किती सेकंदांत जाते ते लिहून ठेव. लकव्याच्या हातात कडकपणा असतो, तो जोराने उघडला तर इजा होते, म्हणून किती ताण द्यायचा हे फिजिओथेरपिस्टने सांगायचं, यंत्राने नाही. तो कापसाचा हात आणि ती वही घेऊन त्यांच्याकडे जा. रिकाम्या हाताने विचारलेल्या प्रश्नापेक्षा त्या वहीला ते जास्त वेळ देतील. आणि बीपीच्या यंत्राचे भाग काढलेस तर ते यंत्र पुन्हा जोडून कुणाचं बीपी मोजू नकोस.

आपल्यापैकी कुणी हे करून पाहिलं तर आकडे कळवा, फसलेलेही. कुठे गळलं, कुठे फुटलं, प्लग उपटल्यावर काय झालं. पुढच्या वेळी आपण त्यावरच बोलू.