मॉनिटर काळा झाला? नवा घेण्याआधी टॉर्च मारून बघा

गेल्या महिन्यात आमच्या घरचा जुना एलसीडी मॉनिटर असाच गेला. चालू केला की दोन सेकंद चित्र, मग अंधार. दुकानदार न बघताच म्हणाला, "मदरबोर्ड गेला असेल, नवा पीसीच घ्या." बाबा तयारही झाले होते!

मी खोलीत अंधार करून स्क्रीनवर तिरका टॉर्च मारला. डेस्कटॉपचे आयकॉन पुसट दिसले. म्हणजे पीसीकडून चित्र नीट येतंय, फक्त मॉनिटरचा बॅकलाइट गेलाय. एलसीडी पॅनेल स्वतः उजेड देत नाही. मागून येणारा उजेड ते फक्त अडवतं किंवा सोडतं.

तुमच्याकडे रेषा किंवा फ्लिकर असेल तर बटण दाबून मॉनिटरचा स्वतःचा मेन्यू उघडा. मेन्यूही थरथरत असेल तर दोष बहुधा मॉनिटरचाच. मेन्यू स्वच्छ दिसला तर आधी केबल बदलून बघा.

मॉनिटर खोलायचा मोह मात्र टाळा. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, जोरदार झटका बसू शकतो.

नवा घेताना पोर्ट बघा. आमच्या पीसीला फक्त व्हीजीए, नव्या मॉनिटरला एचडीएमआय. व्हीजीए अ‍ॅनालॉग आणि एचडीएमआय डिजिटल असल्याने साधी केबल चालत नाही, अ‍ॅक्टिव्ह कन्व्हर्टर लागतो. तोही व्हीजीएकडून एचडीएमआयकडे जाणारा. (मी घाईत उलटा मागवला होता!)

फुल एचडी असेल तर २४ इंच पुरे. २७ इंचावर तेवढेच पिक्सेल पसरतात आणि अक्षरं भरड दिसतात. आणि बॉक्स उघडल्या दिवशीच काळा, पांढरा, लाल, हिरवा, निळा असे रंग स्क्रीनभर लावून डेड पिक्सेल शोधा, रिटर्नची मुदत संपायच्या आत.