जिथे रुग्ण, तिथेच चाचणी

मुंबईच्या ‘सिप्ला’चे डॉ. युसूफ हमीद यांनी फेब्रुवारी २००१ मध्ये एचआयव्हीवरची तीन औषधे माणशी वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली. श्रीमंत देशांत याच प्रकारच्या उपचाराला तेव्हा दहा हजार डॉलरच्या वर खर्च येत होता. स्टॅव्हुडिन, लॅमिव्हुडिन आणि नेव्हिरॅपिन हे ते त्रिकूट. पुढे ते एकाच गोळीत आले आणि गरीब देशांत पहिल्या फळीचा उपचार म्हणून रुजले.

या त्रिकुटाने असंख्य जीव वाचवले. पण स्टॅव्हुडिन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांचे गाल बसत, हातापायांची चरबी झडून शिरा वर येत, तळपायांची आग होई. काहींच्या रक्तात लॅक्टिक आम्ल साचून ते जिवावर बेते. औषधाने जगलेल्या माणसाचा आजार त्याच्या चेहऱ्यावरून गावाला कळू लागला. जागतिक आरोग्य संघटनेने हे औषध टप्प्याटप्प्याने बंद करायला सांगितले ते २००९ मध्ये. श्रीमंत देशांनी ते त्याआधीच बाजूला सारले होते.

२०१३ पासून टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि एफाव्हिरेंझ यांची एकत्रित गोळी पुढे आली. ती रात्री झोपताना घ्यायची, कारण एफाव्हिरेंझने डोके गरगरते, भयंकर स्वप्ने पडतात. त्याहून मोठी अडचण विषाणूच्या बाजूने होती. त्याच्या जनुकात एखादा नेमका बदल झाला, तरी एफाव्हिरेंझ निकामी होते. असा औषधाला न जुमानणारा विषाणू एकाकडून दुसऱ्याकडे जातो. उपचार नव्याने सुरू करणाऱ्यांत त्याचे प्रमाण काही देशांत दहा टक्क्यांच्या वर गेल्याचा इशारा आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये दिला. उपचाराआधी विषाणूची जनुकीय तपासणी करण्याची सोय तिथल्या बहुतेक केंद्रांत नव्हती. रुग्ण इमानेइतबारे गोळी घेई आणि ती लागू पडत नाही हे उशिरा कळे.

डोल्युटेग्राव्हिर हे नवे औषध वेगळ्या ठिकाणी घाव घालते. एचआयव्ही स्वतःची जनुकीय माहिती रुग्णाच्या पेशीच्या डीएनएत बसवतो. ही बसवणी करणारे विकर म्हणजे इंटिग्रेज. डोल्युटेग्राव्हिर त्यालाच घट्ट धरून ठेवते आणि त्याच्या तावडीतून सुटणे विषाणूला सहजी जमत नाही. पण या औषधाचा सुरुवातीचा पुरावा मुख्यतः श्रीमंत देशांतला, त्यातही पुरुष रुग्णांचा. सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत निम्म्याहून अधिक रुग्ण स्त्रिया आहेत. अनेकांना जोडीला क्षयरोग असतो आणि अनेक जण विषाणूभार, म्हणजे रक्तातल्या विषाणूच्या प्रतींची संख्या, बेसुमार वाढल्यावर दवाखाना गाठतात. तिथे हे औषध कसे वागेल?

उत्तर दोन चाचण्यांनी दिले. कॅमेरूनची राजधानी याऊंडे इथे ६१३ रुग्णांवर ‘नामसाल’ चाचणी झाली. ४८ आठवड्यांनंतर डोल्युटेग्राव्हिर गटात ७४.५ टक्के, तर कमी मात्रेच्या एफाव्हिरेंझ गटात ६९ टक्के रुग्णांचा विषाणूभार ५० प्रतींच्या खाली आला. जोहान्सबर्गच्या ‘अ‍ॅडव्हान्स’ चाचणीत १,०५३ जण होते. तिथे डोल्युटेग्राव्हिरच्या दोन गटांत हे प्रमाण ८४ आणि ८५ टक्के, तर एफाव्हिरेंझच्या गटात ७९ टक्के निघाले. नवे औषध जुन्यापेक्षा कमी नाही, एवढेच या टक्केवारीवरून ठामपणे म्हणता येते. माझ्या मते खरा निकाल नामसालच्या दुसऱ्या एका आकड्यात आहे. उपचार फसून विषाणूभार हजारावर गेला, असे एफाव्हिरेंझ घेणारे १६ होते आणि डोल्युटेग्राव्हिर घेणारे तीन. त्या तिघांपैकी एकाच्याही विषाणूत नवा औषधरोध आढळला नाही. जिथे वारंवार तपासणी परवडत नाही, तिथे हा फरक टक्क्यांपेक्षा फार मोठा आहे.

आणखी एक गोष्ट या चाचण्यांतच कळली. डोल्युटेग्राव्हिरने वजन वाढते. अ‍ॅडव्हान्समध्ये ते स्त्रियांत जास्त वाढले, आणि टेनोफोव्हिरचा नवा प्रकार जोडीला असलेल्या गटात सर्वाधिक.

बोट्स्वानातला प्रसंग सांगायलाच हवा. गर्भधारणेच्या वेळी डोल्युटेग्राव्हिर घेत असलेल्या ४२६ मातांच्या बाळांत मेंदू आणि मज्जारज्जूच्या घडणीतले दोष चार वेळा दिसल्याचे मे २०१८ मध्ये जाहीर झाले. काही देशांनी मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांसाठी या औषधाची दारेच बंद केली. त्यावर एचआयव्हीसह जगणाऱ्या आफ्रिकी स्त्रिया किगालीत जमल्या. धोका आम्हाला समजावून सांगा, निवड आम्हाला करू द्या, ही त्यांची मागणी होती आणि ती रास्तच होती. बोट्स्वानातल्या नोंदी वाढत गेल्या तसा इतर औषधांच्या तुलनेतला फरक घटला. जुलै २०१९ मध्ये आरोग्य संघटनेने डोल्युटेग्राव्हिर स्त्री-पुरुष सर्वांसाठी पहिल्या पसंतीचे ठरवले. पुढे तो फरक उरलाच नाही.

टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राव्हिर यांची एकत्रित गोळी जेनेरिक कंपन्यांशी झालेल्या २०१७ च्या करारानुसार वर्षाला सुमारे ७५ डॉलरला मिळू लागली. २०२३ मध्ये ‘ग्लोबल फंड’ या आंतरराष्ट्रीय निधीने तो दर ४५ डॉलरच्या खाली आणला. २०१७ च्या करारातल्या कंपन्यांत हैदराबादची ‘अरबिंदो’ होती. आपल्याकडच्या सरकारी एआरटी (एचआयव्ही उपचार) केंद्रांतही आज हीच गोळी मोफत मिळते.

मात्र डोल्युटेग्राव्हिरलाही औषधरोध होऊ शकतो. २०२४ च्या आरोग्य संघटनेच्या अहवालात, हे औषध घेऊनही विषाणूभार जास्त राहिलेल्या रुग्णांत काही देशांत तो ३.९ ते ८.६ टक्के आढळला. म्हणून ही गोळी घेणाऱ्यांनी विषाणूभाराची तपासणी चुकवू नये. ती कधी करायची हे केंद्रातल्या डॉक्टरांना विचारावे, आणि वजन भराभर वाढत असेल तर गोळी मनाने बंद न करता तेही त्यांना सांगावे.