‘प्रेस’ शब्दाची गंमत

जूनमध्ये आमच्या वर्गात एक नवा मुलगा आला. गुरुजींनी विचारले, “वडील काय करतात?” तो म्हणाला, “नाशिकरोडला प्रेसचं काम करतात.” झाले! आमच्या भागात प्रेस म्हटले की नोटांचा कारखाना. मधल्या सुट्टीत आम्ही त्याला घेरले. कोऱ्या नोटा घरी आणता येतात का, असे नाना प्रश्न. तो गप्पच.

दिवाळीत आईबरोबर जेलरोडला गेलो, तर त्याचे वडील हातगाडीवर कपड्यांना इस्त्री करत होते. वर पाटी, ‘प्रेस’. शाळा उघडल्यावर मी ते वर्गात सांगून टाकले. सगळे हसले, मीही हसलो. काहींनी त्याला ‘नोटवाला’ नाव ठेवले. तो एवढेच म्हणाला, “मी खोटं बोललो नव्हतो.”

ते मला लागले. मग मी गुरुजींकडून शब्दकोश मागून घेतला.

प्रेस या इंग्रजी शब्दाचे मूळ लॅटिन भाषेतले ‘प्रेमेरे’. अर्थ, दाबणे. युरोपात द्राक्षांचा रस काढायला मोठ्या स्क्रूचे लाकडी यंत्र असे, तेही प्रेसच. (आपला चकलीचा सोऱ्या आठवा.) जर्मनीत गुटेनबर्ग याने १४५० च्या सुमारास तशाच यंत्राने शाई लावलेले खिळे कागदावर दाबून पुस्तक छापले. म्हणून छापखाना म्हणजे प्रेस. भारतात पहिला असा छापखाना १५५६ साली गोव्यात आला. पुढे छापखान्यातून वर्तमानपत्रे निघू लागली आणि बातमीदारही प्रेसवाले झाले! म्हणून त्यांच्या मोटारसायकलवर तो शब्द असतो.

आपल्या नाशिकरोडला इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ पासून आणि करन्सी नोट प्रेस १९२८ पासून आहे. त्याआधी तिकिटे व नोटा इंग्लंडमध्ये छापून बोटीने येत. शंभराच्या नोटेवर गांधीजींच्या चित्रावरून हलकेच बोट फिरवा, खरखरीत लागते. खोल कोरलेल्या पत्र्यात शाई भरून तो कागदावर फार जोराने दाबतात, म्हणून शाई उंच उठते.

दारावरच्या घंटीवर ‘प्रेस’ लिहितात, म्हणजे दाबा. फ्रॉकला प्रेस-बटण असते. आईचा प्रेशर कुकर त्याच घराण्यातला. आपली पंचवटी एक्स्प्रेससुद्धा! एक्स्प्रेस म्हणजे आधी दाबून बाहेर काढलेले, मग स्पष्ट सांगितलेले, मग खास एका कामासाठी सोडलेले.

आणि इस्त्री? कपडा दाबूनच तर सुरकुती जाते. त्याच्या वडिलांची कोळशाची इस्त्री मी उचलून पाहिली. दोन्ही हात लावावे लागले. ते दिवसभर एका हाताने फिरवतात.

हा लेख इथे लावण्याआधी मी त्याला वाचायला दिला. त्याने एकच चूक काढली, प्रेस-बटण राहिले होते. ते मी वर घातले आहे.

— एक विद्यार्थी, इयत्ता सातवी